पार्श्वभूमी : बागेतली ‘खेळणी’ नेमकी कशात मोडतात?

नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांतली बाग म्हणजे पाइपाचे झोपाळे, पत्र्याची घसरगुंडी, लाकडी फळीचा सी-सॉ आणि खाली माती. शहर वसवायला १९७० मध्ये निघालेल्या सिडको महामंडळाने सेक्टरागणिक मोकळ्या जागा राखल्या. १ जानेवारी १९९२ पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि पुढे बागा टप्प्याटप्प्याने तिच्याकडे आल्या.

त्या लोखंडाचं वैर खाडीच्या खाऱ्या वाऱ्याशी. गंज डोळ्यांसमोर लागत नाही. खांब काँक्रीटमधून जिथे वर येतो तिथे, बुडाशी, पावसाचं पाणी साचतं आणि पाइप आतून खात जातो. वर रंग ताजा असला की खांब धडधाकट वाटतो. रंगकाम झालं म्हणजे दुरुस्ती झाली, हा समज इथे फार जुना आहे.

मग लोखंड मागे पडलं आणि रंगीत प्लास्टिकचे ‘मल्टीप्ले’, म्हणजे घसरगुंडी-शिडी-चौथरा एकत्र जोडलेले संच, आले, मातीच्या जागी रबराच्या लाद्या आल्या. पालकांना ते आवडलं: चिखल नाही, कपडे मळत नाहीत. पण घसरगुंडीचा चौथरा जितका उंच, तितकी खालच्या रबराची जाडी हवी, हे हिशेबात धरावं लागतं. उन्हाने कडक झालेली, कोपरे उचललेली लादी मूल पडल्यावर फारशी उपयोगाची नसते. भुसभुशीत वाळू त्याहून बरी, असं माझं मत. पण वाळू दर काही दिवसांनी खालीवर करावी लागते, तिच्यातली काच आणि कुत्र्यांची घाण वेचावी लागते. म्हणजे त्या कामाला कायमचा माणूस हवा.

खरा घोळ मात्र ‘खेळणी’ या शब्दातच आहे. मराठीत बाहुलीही खेळणं आणि बागेतली घसरगुंडीही खेळणं. नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये २०१२ पासून तिकीट काढून बसायच्या राइड्स आल्या, त्यांनाही आपण खेळणीच म्हणू लागलो. राइडला मोटर असते, चालवणारा असतो. फुकटच्या झोपाळ्याशेजारी कोणी उभं नसतं.

केंद्राने २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तेव्हा ‘आता बागेतल्या खेळण्यांनाही आयएसआय’ असं बरेच जण बोलू लागले. घोटाळा इथेच झाला. आदेशामागचं मानक आहे आयएस ९८७३. त्यात झोपाळे-घसरगुंड्यांसाठी वेगळा भाग आहे, पण तो घरगुती वापरासाठी. अंगणात चार मुलांनी खेळायचा झोपाळा आणि संध्याकाळभर रांग लागणारा सार्वजनिक झोपाळा यांच्यावर येणारा भार एक नव्हे. त्यामुळे ‘आयएसआय आहे ना’ एवढ्यावर बागेचा प्रश्न सुटत नाही.

सार्वजनिक मैदानासाठी निर्मात्यांच्या माहितीपत्रकात सहसा ईएन ११७६ हे युरोपीय मानक दिसतं. त्याचा आधार घेतला तर निदान मोजमाप करता येतं: साधारण ८९ ते २३० मिलिमीटरच्या बंदिस्त फटीत मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं, म्हणून तेवढी फट ठेवायची नाही. याच मानकाचा सातवा भाग तपासणीचा आहे. नेहमीची नजरेची पाहणी, दर एक ते तीन महिन्यांनी साखळ्या, कड्या, बोल्ट यांची झीज बघणारी तपासणी आणि वर्षातून एकदा पाया उकरून बघण्यापर्यंतची मुख्य तपासणी. माहितीपत्रकात मानकाचा आकडा ठळक छापलेला असतो, या भागाबद्दल सहसा अवाक्षर नसतं.

गेल्या काही वर्षांत बागेत ‘ओपन जिम’ची भर पडली. मोठ्यांच्या व्यायामाची यंत्रं झोपाळ्यांना लागूनच बसवली गेली आणि मुलं त्यांवरच लोंबकळू लागली. हलणाऱ्या सांध्यात बोट सापडण्याची भीती तिथे जास्त. त्यातच नवी मुंबई महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. नंतरची प्रशासकीय राजवट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत लांबत गेली. मुदत संपेपर्यंत तुटलेल्या फळीची तक्रार नगरसेवकाच्या कार्यालयात जायची. प्रशासकाच्या काळात ती महापालिकेच्या ॲपवर टाकावी लागे, आणि तिथेही आधी ठरवावं लागे : हे काम कोणत्या विभागाचं, उद्यान, क्रीडा की स्थापत्य?