परदेशातून ॲक्शन कॅमेऱ्यांची सामूहिक खरेदी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लग्नसराई, सारंगखेड्याची यात्रा आणि पावसाळ्यात मनुदेवी-तोरणमाळकडे निघणाऱ्या मोटारसायकलींच्या सहली, या निमित्तांनी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ग्राहक आमच्याकडे ॲक्शन कॅमेऱ्याची, म्हणजे हेल्मेटवर किंवा गाडीवर बसवता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची, चौकशी करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की, दहा-बारा जणांनी मिळून थेट परदेशातून मागवला तर किती वाचेल. याचे सरळ उत्तर असे की, सामूहिक खरेदीत कर वाचत नाही. वाचतो तो वाहतुकीचा आणि माल सोडवण्याचा खर्च.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. कॅमेऱ्याची परदेशातील किंमत २४,००० रुपये आणि त्याच्या वाट्याचे भाडे व विमा १,००० रुपये धरल्यास सीमाशुल्कासाठी मूल्य २५,००० रुपये होते. मूळ शुल्क २० टक्के धरले तर ५,००० रुपये आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ५०० रुपये, म्हणजे ३०,५०० रुपये झाले. बारा जणांच्या खेपेचा क्लिअरिंग एजंटचा (सीमाशुल्कातून माल सोडवून देणाऱ्याचा) व पोहोच करण्याचा खर्च ३,६०० रुपये आला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०० रुपये येतात. एकट्याने मागवला असता तर जवळपास ३,६०० रुपयांचा सगळा खर्च एकाच कॅमेऱ्यावर पडला असता. त्यात आमचे सेवाशुल्क १,२०० रुपये मिळवून ३२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६० रुपये आणि एकूण बिल ३७,७६० रुपये. बंदरावर किंवा विमानतळावर आम्ही जो आयजीएसटी (आयातीवरील जीएसटी) भरतो, त्याची वजावट आम्हाला आमच्या जीएसटीतून मिळते, त्यामुळे तो तुमच्या बिलात दुसऱ्यांदा लागत नाही. ज्या स्टुडिओचालकांकडे जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी आपला क्रमांक मागणी नोंदवतानाच द्यावा, म्हणजे त्यांनाही नियमांप्रमाणे वजावट घेता येईल.

वरील २० टक्के हा केवळ उदाहरणापुरता धरलेला दर आहे. कॅमेरा सीमाशुल्काच्या दरपत्रकातील कोणत्या शीर्षाखाली मोडतो यावर शुल्क ठरते आणि बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे सीमाशुल्काकडे द्यायचे विवरणपत्र) दाखल होण्याच्या दिवशीचा दर लागू होतो. रुपयाचा विनिमय दरही सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेलाच धरला जातो. म्हणून नोंदणीच्या वेळी सांगितलेली रक्कम अंदाजे असते आणि अंतिम रक्कम कागदपत्रांसह दाखवूनच घेतली जाते. भारतातील अधिकृत विक्रेत्याची किंमत आमच्या अंदाजापेक्षा दोन-तीन हजारांनीच जास्त असेल, तर ग्राहकाने त्या विक्रेत्याकडूनच घ्यावा, असे आम्ही स्वतःच सांगतो, कारण परदेशातील हमी इथले सेवा केंद्र मान्य करेलच असे नाही.

‘भेटवस्तू म्हणून पाठवायला सांगा’ किंवा ‘बिल कमी किमतीचे करून घ्या’ अशी सूचना अधूनमधून येते. माल आमच्या आयात-निर्यात कोडवर येतो. खोटी किंमत दाखवल्यास सीमाशुल्क कायदा, १९६२ प्रमाणे माल जप्त होऊ शकतो व दंडही होतो, आणि एकाच्या कॅमेऱ्यापायी उरलेल्या अकरा जणांचे कॅमेरे अडकतात. अशी मागणी आम्ही स्वीकारत नाही. तसेच वाय-फाय असलेल्या उपकरणाला ईटीए (बिनतारी उपकरणांसाठीची सरकारी) मान्यता आणि लिथियम बॅटरीला बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी लागते; ज्या मॉडेलची ही कागदपत्रे जुळतात, तीच मॉडेल आमच्या यादीत असतात.

बॅटऱ्यांच्या बाबतीत आमची एक चूक इथे सांगणे आवश्यक आहे. पहिल्या खेपेत आम्ही जादा बॅटऱ्या वेगळ्या खोक्यात मागवल्या. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज केलेल्या चालत नाहीत. परिणामी कॅमेरे आले आणि बॅटऱ्या सात आठवड्यांनी आल्या. आता प्रत्येक जादा बॅटरी कॅमेऱ्याच्याच खोक्यात बसवून मागवली जाते, आणि एका कॅमेऱ्यामागे दोनपेक्षा जास्त मागणी आम्ही घेत नाही.

मॉडेल निवडताना आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्यावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर काही कॅमेऱ्यांची वापराची मर्यादा ३५ अंशांचीच असते. चालत्या गाडीवर वारा लागतो तोवर कॅमेरा तग धरतो. सिग्नलला गाडी थांबली की तापून बंद पडतो. दुपारी चित्रीकरण करणाऱ्यांनी पाण्यातील खोलीच्या आकड्याआधी तापमानाचा आकडा पाहावा.

नोंदणीच्या वेळी अंदाजे रकमेच्या ४० टक्के इसार घेतला जातो. मागणी परदेशात जाण्यापूर्वी नाव मागे घेतल्यास तो पूर्ण परत मिळतो. त्यानंतर मात्र जागा घेणारा दुसरा ग्राहक मिळाल्यावरच परत करता येतो. खेप आल्यावर खोके तुमच्यासमोर दुकानातच उघडले जाते, अनुक्रमांक बिलाशी ताडला जातो आणि दहा मिनिटांचे चित्रीकरण करून पाहिले जाते. त्याच वेळी कॅमेऱ्यातील फ्लिकरविरोधी सेटिंग ६० ऐवजी ५० हर्ट्झवर करून दिले जाते, नाहीतर मंडपातील ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते.