मॉडेल विमानात मोटरला ईएससी जुळवणं

आरसी (रिमोटने उडणाऱ्या) विमानात बॅटरी आणि ब्रशलेस मोटर यांच्यामधे बसणारं छोटं सर्किट म्हणजे ईएससी, पूर्ण नाव इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. बॅटरीचा डीसी करंट तो तीन वायरींतून पाळीपाळीने मोटरला देतो. मोटर उलटी फिरली तर त्यातल्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, झालं काम.

बहुतेकजण मोटरवरचा आकडा बघून ईएससी घेतात, पण करंट किती जाणार हे खरं ठरवतो प्रॉपेलर आणि बॅटरीचे सेल. २२१२ साइजची १००० केव्हीची मोटर घ्या (केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे, किलोव्होल्टचा इथे काही संबंध नाही), १०×४.५ प्रॉप (१० इंच व्यास, ४.५ इंच पिच) लावून ३एस लायपोवर (तीन सेल ओळीने जोडलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी) ती पूर्ण थ्रॉटलला १५-१६ अँपिअरच्या आसपास घेते. तोच प्रॉप ठेवून ४एस जोडली की व्होल्टेज वाढतं सव्वापटीच्या थोडं वर, पण करंट जातो दीडपटीच्या पुढे, कारण प्रॉपला लागणारी पॉवर फेऱ्यांच्या घनाप्रमाणे चढते. ईएससी ३० अँपिअरचा असेल तर तो टिकेलही, मोटर मात्र भाजून निघेल. कारण साधा ईएससी करंट अडवत नाही, फक्त सोसतो. म्हणूनच छोट्या मोटरला ६०चा लावला तरी नुकसान काही नाही, वजन तेवढं वाढतं.

मग करायचं काय, तर बॅटरी फुल चार्ज करून वॉटमीटर लावायचा, विमान घट्ट धरून काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि जो अँपिअरचा आकडा येईल त्याच्यावर २०-३० टक्के जास्तीचा ईएससी घ्यायचा. लेबलवरचा बर्स्टचा आकडा धरू नये, तो थोड्या सेकंदांपुरता असतो, कंटिन्युअस बघायचा. हवेत प्रॉपवरचा लोड जरा उतरतो, त्यामुळे जमिनीवर पास झालेला सेट सहसा वर त्रास देत नाही.

गोव्यात भातकापणीनंतर मोकळ्या शेतात नाहीतर सड्यावर उडवायला मजा येते (दाबोळी आणि मोपा विमानतळांपासून लांब, दाबोळी तर नौदलाचा तळ आहे), पण एप्रिल-मेच्या उकाड्यात फोमच्या बंद पोटात ईएससी कोंडला की तो तापतोच, हवा आत यायला आणि बाहेर जायला भोक हवंच. अर्ध्या थ्रॉटलला ईएससीला आराम मिळतो हा पण गैरसमज, स्विचिंगमुळे तिथेही बराच तापतो. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने बुलेट कनेक्टर काळे पडतात, ते पुसत राहायचे. वायर कमी पडली तर मोटरच्या बाजूची वाढवा, बॅटरीच्या बाजूची लांबवली की व्होल्टेजचे झटके बसून ईएससीचे कपॅसिटर खराब होतात.

ईएससीतल्या बेककडे (बीईसी, म्हणजे बॅटरी एलिमिनेटर सर्किट) मात्र फारसं कुणी बघत नाही. सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हरला ५ व्होल्ट तोच देतो. जुन्या पद्धतीचा लिनियर बेक उरलेलं व्होल्टेज उष्णतेत घालवतो, म्हणजे १ अँपिअरला फुल ३एसवर ७.६ वॉट आणि ४एसवर ११.८. तो बंद पडला की मोटर ठीक असूनही सर्व्हो मरतात, विमान कुणाचं ऐकत नाही. चार सर्व्हो आणि ४एस असेल तर स्विचिंग बेकवालाच ईएससी घ्यावा, किंवा वेगळा यूबेक (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बेक) लावून ईएससीच्या रिसीव्हरला जाणाऱ्या प्लगातली लाल वायर काढून ठेवावी.