‘पर्यंत’ म्हणजे कुठपर्यंत? तारखांच्या तुलनेतल्या एका दुरुस्तीची पार्श्वभूमी

मोठ्या डेटावर क्वेरी चालवणाऱ्या स्पार्क या इंजिनाच्या २.३ आवृत्तीला एक साधा प्रश्न विचारा. २०१७-०३-०१ ००:००:०० हा टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र) २८ फेब्रुवारी २०१७ आणि १ मार्च २०१७ या तारखांच्या ‘बिट्वीन’, म्हणजे दरम्यान, येतो का? उत्तर येतं ‘फॉल्स’, म्हणजे नाही. बिट्वीन दोन्ही टोकं धरून मोजतं, हे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या पहिल्या प्रमाणापासून ठरलेलं आहे. तरीही १ मार्चचा पहिलाच क्षण बाहेर राहतो.

कारण तुलना तारखांची होतच नव्हती. एका बाजूला डेट (नुसती तारीख) आणि दुसरीकडे टाइमस्टॅम्प आला की इंजिन दोघांचीही गुपचूप स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) करायचं आणि अक्षराला अक्षर लावून बघायचं. ‘२०१७-०३-०१’ ही दहा अक्षरं, ‘२०१७-०३-०१ ००:००:००’ ही एकोणीस. पहिली दहा तंतोतंत जुळतात, मग एक संपते आणि दुसरी चालू राहते. शब्दकोशात ‘कर’ आधी येतो आणि ‘करवत’ नंतर, तोच न्याय इथे लागला. रात्रीचे बारा १ मार्चच्या पुढे गेले आणि ‘बरोबर’चं चिन्ह लावलं तरी दोन्ही कधी समान ठरेनात.

हे आळसातून झालं नव्हतं. कोडमधल्या टिपणातच कारण लिहिलेलं होतं: टाइमस्टॅम्पचा अक्षरक्रम आणि काळक्रम एकच असतो, त्यामुळे कुणी नुसतं ‘२०१४’ लिहिलं तरी २०१३मधली वेळ त्याहून लहान ठरते. हाताने टाइप केलेल्या स्ट्रिंगशी तुलना करताना ही सोय खरंच कामाची. चूक झाली ती तोच नियम डेट आणि टाइमस्टॅम्प या दोन धडधाकट टाइपना (डेटाच्या प्रकारांना) लावण्यात. हाइव्ह या तशाच दुसऱ्या इंजिनाने २.२मध्ये ही वाट सोडली होती. स्पार्कमध्ये २.४ने, नोव्हेंबर २०१८मध्ये, दोन्ही बाजू टाइमस्टॅम्प करून तुलना सुरू केली.

दुरुस्ती बरोबरच होती, पण तिच्यामुळे काय मोडलं त्याची चर्चा फारशी झाली नाही. जुन्या वागण्यात खालची तारीख धरली जायची आणि वरच्या तारखेचा एकही क्षण धरला जात नसे. म्हणजे ‘१ फेब्रुवारी ते १ मार्च’ लिहिलं की नेमका पूर्ण फेब्रुवारी हाती यायचा. चुकीच्या तुलनेतून नेमकं हवं ते मिळत होतं! ज्यांनी असे मासिक रिपोर्ट बांधले होते, त्यांच्याकडे २.४नंतर १ मार्च सुरू होतानाची, ००:००:००ची नोंद फेब्रुवारीतही मोजली जाणार आणि मार्चमध्येही. रोजच्या विक्रीचा आकडा रात्री बाराचा शिक्का मारून टेबलात टाकणाऱ्यांसाठी ही एक नोंद म्हणजे अख्खा दिवस. जुनं वागणं परत आणायला एक सेटिंग ठेवलं होतं, तेही ३.०मध्ये काढून टाकलं. माझ्या मते काढलं ते योग्यच. पण उत्तर बदललं की निदान एक इशारा तरी दिसायला हवा होता.

खरा गुंता ‘पर्यंत’ या शब्दात आहे. फॉर्म भरायची मुदत ३१ मार्चपर्यंत म्हटलं की ३१चा सबंध दिवस आपल्या हातात असतो. ‘दहापर्यंत ये’ म्हटल्यावर मात्र दहा पन्नासला आलेला माणूस उशिराच आलेला असतो. शब्दयोगी अव्यय एकच. दिवसाला लागलं की दिवसाच्या अखेरीपर्यंत नेतं, घड्याळाला लागलं की त्या क्षणाशी थांबवतं. डेटचा टाइमस्टॅम्प करणारं इंजिन पहिल्या प्रकारचा ‘पर्यंत’ दुसऱ्या प्रकारचा करून टाकतं. दुरुस्तीनंतरही ३१ मार्च म्हणजे ३१ मार्चचे ००:००:००, आणि त्यानंतरचे जवळजवळ चोवीस तास बाहेर. त्यावर तोडगा म्हणून २३:५९:५९.९९९ लिहिणारे आहेत. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या जुन्या डेटटाइम टाइपमध्ये वेळ सुमारे ३.३३ मिलिसेकंदांच्या टप्प्याने साठते, त्यामुळे तोच .९९९ पुढे ढकलला जाऊन १ एप्रिलचे ००:०० होतो.

एसक्यूएलच्या प्रमाणानेही या बाबतीत एकवाक्यता ठेवली नाही. १९९२च्या आवृत्तीत डेट-टाइमस्टॅम्प टाइप आले आणि त्यांच्याबरोबर दोन कालावधी एकमेकांवर येतात का ते बघणारं ‘ओव्हरलॅप्स’ आलं. ते शेवटचं टोक वगळतं, बिट्वीन मात्र धरतं. २०११च्या आवृत्तीतले कालावधीही शेवट वगळणारे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ने २०१२मध्ये रेंज टाइप (सुरुवात-शेवट एकत्र साठवणारे) आणले. त्यात १ ते ३१ मार्च दोन्ही टोकांसह दिलं तरी ते ‘१ मार्चपासून, १ एप्रिल वगळून’ असंच साठतं. मला हेच सर्वात प्रामाणिक वाटतं.

शिवाय तारखेची मध्यरात्र कुठली, हे सेशनच्या (इंजिनाशी चालू जोडणीच्या) टाइमझोनवर ठरतं. झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर भारतातल्या व्यवहारांचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडतो.

स्ट्रिंगशी तुलनेचा नियम स्पार्क ३.०ने, २०२०मध्ये, उलटा केला: आता स्ट्रिंगचीच तारीख होते. ‘३१-०३-२०२४’ असं आपल्या सवयीने लिहून ‘यापर्यंतच्या’ नोंदी मागा. २.४मध्ये २०२५च्याही नोंदी यायच्या, कारण ‘२’ हा ‘३’च्या आधी येतो. ३.०मध्ये त्या स्ट्रिंगची तारीख होत नाही, नल (रिकामं मूल्य) होतो, आणि क्वेरी एकही ओळ न देता निमूट संपते. मे २०२५मध्ये आलेल्या ४.०मध्ये आन्सी मोड (प्रमाणाचे कडक नियम पाळणारा) मुळातच चालू असतो. तिथे तीच क्वेरी एरर देऊन थांबते.