मणका ‘बसला’ म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या आळीत एक पायाळू काकू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते, असा आपल्याकडचा जुना समज. कुणी वाकडातिकडा होत दारात आला की काकू हातातलं पीठ धुऊन बाहेर यायच्या, मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणून आधी नमस्कार करायच्या आणि मग कमरेवर हलकीशी लाथ. दोन-चार दिवसांत माणूस सरळ चालायला लागे. लाथ नसती मारली तरी बहुतेक जण तितक्याच दिवसांत सरळ झाले असते, हे तेव्हा कोण सांगणार?

अमेरिकेत याच्याच जवळपासची गोष्ट घडली आणि तिचं पुढे कॉलेज झालं. सप्टेंबर 1895. आयोवा राज्यातलं डॅव्हनपोर्ट शहर. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा एक गृहस्थ चुंबकीय उपचार करून पोट भरत होता. त्याच्या इमारतीतला सफाई कामगार हार्वी लिलार्ड याला सतरा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. पामरने त्याच्या पाठीतला एक मणका दाबून जागेवर बसवला आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं, असं पामर सांगे. 1897 मध्ये त्याने शाळाच काढली. विद्येला नाव दिलं कायरोप्रॅक्टिक, म्हणजे ग्रीकमधून ‘हाताने केलेलं काम’. मणके जागचे हलतात, मज्जातंतू दाबले जातात आणि शंभरातले पंचाण्णव आजार त्यातूनच होतात, हा त्याचा सिद्धांत.

या कथेत एक अडचण आहे. ऐकण्याची नस कानातून निघून कवटीच्या आतल्या आतच मेंदूला जाऊन मिळते. पाठीच्या कण्याच्या वाटेला ती जातच नाही.

मग मणक्याला झटका देताना येणारा तो ‘कट्ट’ आवाज कसला? मला या साऱ्या प्रकरणात तोच भाग सर्वांत रंजक वाटतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीने छोटे सांधे असतात. त्यांच्यात वंगणासारखा दाटसर द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. झटका दिला की सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम दूर होतात, आतला दाब कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे येतात, तसंच काहीसं. बोटं मोडताना हेच होतं. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं.

आवाज बुडबुडा होताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. 1971 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ‘फुटताना’ म्हटलं. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात चालू एमआरआय यंत्रात बोटं ओढून पाहिली, तेव्हा आवाजानंतरही पोकळी तशीच दिसली, म्हणून ‘होताना’. 2018 मध्ये गणिती मॉडेल मांडणाऱ्यांनी सांगितलं की बुडबुडा थोडासा जरी आकसला तरी तेवढा आवाज होऊ शकतो. काहीही असो, हाड खटकन जागेवर बसल्याचा हा आवाज नाही. (बोटं मोडून संधिवात होतो, ही धमकीही खोटी. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं नेमाने मोडली. दोन्ही हात सारखेच राहिले आणि 2009 मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.)

‘गादी सरकली’ हा आपला शब्दही थोडा फसवा आहे. मणक्यांमधली चकती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती ओल्या साबणासारखी निसटत नाही. फुगते, किंवा तिला चीर पडून आतला मऊ गर बाहेर येतो. तो गर बाहेरून झटका देऊन परत आत ढकलता येत नाही.

तरी लोकांना बरं वाटतं, आणि ते खोटं नाही. अचानक ताण बसला की आखडलेले स्नायू बहुधा काही वेळ सैल पडतात, दुखण्याची जाणीव कमी होते. जुनाट कंबरदुखीवरच्या 47 चाचण्या, सुमारे 9,200 रुग्ण, असा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की मणक्यांना झटका देण्याचा उपचार व्यायामासारख्या शिफारस झालेल्या उपचारांइतकाच गुण देतो. माझ्या मते ही शाबासकीच आहे, पण कंबरेपुरती. दम्याचं काय? 1998 च्या एका कॅनेडियन चाचणीत काही मुलांना खरा उपचार दिला, काहींना नुसता वरवरचा. चार महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. पामरचे पंचाण्णव टक्के इथे गळून पडतात.

मानेचं मात्र वेगळं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांना आडव्या फुटलेल्या हाडांतल्या भोकांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्यापाशी तीव्र वळण घेतात. मान जोरात पिळली तर क्वचित या धमनीचं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. हे विरळ आहे, पण तरुण माणसांतही घडलेलं आहे. हाडं ठिसूळ झालेल्यांनी तर झटक्याच्या वाटेला जाऊच नये. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं असं काही असेल, तर थेट रुग्णालय गाठायचं.

परवा केस कापून झाल्यावर सलूनवाल्याने सवयीने माझी हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात धरलं. ‘काका, मान मोडू?’ मी म्हटलं, ‘बाबा, बोटं मोड हवी तर.’ त्याने दहाही मोडली. आठ वाजली, दोन वाजली नाहीत. ती मीच सकाळी बसमध्ये मोडली होती का, आठवेना. पण ते तर वीस मिनिटांच्या कितीतरी आधी.