मेंदूतल्या स्विचवर टेप लावणारं प्रोटीन

गेल्या आठवड्यात नौपाड्याच्या घरी आजी मटार सोलत बसली होती, आणि दाणे कचऱ्याच्या टोपलीत, सालं पातेल्यात टाकत होती, हात मात्र अगदी पूर्वीसारखे सराईत. तिला अल्झायमर आहे. तेव्हापासून मी रेस्ट नावाच्या एका प्रोटीनबद्दल मिळेल ते वाचतेय.

घोडबंदर रोडला नवीन फ्लॅटचं पझेशन घेतलं की वायरिंग सगळीकडे झालेलं असतं, गीझरचा पॉइंट, एसीचा पॉइंट, पण चालू काय ठेवायचं ते बोर्डावर ठरतं ना, पेशीचंही तसंच. लिव्हरच्या पेशीतसुद्धा मेंदूचे जीन्स असतातच, फक्त बंद असतात. त्यातल्या बऱ्याच स्विचवर टेप लावायचं काम रेस्टचं. डीएनएवर साधारण 21 अक्षरांची एक ठरावीक ओळ असते, तिथे ते जाऊन चिकटतं आणि दुसरी प्रोटीन्स बोलावून तो भाग घट्ट गुंडाळून ठेवतं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या दोन लॅबना ते वेगवेगळं सापडलं.

स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात ती पेशी, तिच्यात रेस्ट भरपूर असतं. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, व्हायची वेळ आली की पेशी स्वतःच ते मोडून टाकते, टेप निघते, जीन्स चालू होतात. टेप घाईने निघाली तर मेंदूतल्या स्टेम सेलचा साठाच लवकर संपतो.

मला हलवून टाकलं ते पुढचं. 2014 मध्ये हार्वर्डच्या ब्रूस यँकनर यांच्या टीमने दाखवलं की म्हातारपणी निरोगी मेंदूत रेस्ट परत येतं आणि पेशी मारणारे जीन्स दाबून धरतं, पण अल्झायमरच्या मेंदूत ते न्यूक्लियसमधून, म्हणजे पेशीतल्या डीएनए असलेल्या केंद्रातून, गायब होतं आणि बिघडलेल्या प्रोटीन्सबरोबर पेशीच्या कचऱ्याच्या पिशव्यांत सापडतं. हे वाचलं आणि ती मटारची टोपलीच डोळ्यासमोर आली. 2019 मध्ये याच टीमला शंभरीच्या आसपास जगलेल्यांच्या मेंदूत रेस्ट जास्त आणि न्यूरॉन्सची खळबळ कमी दिसली.

मग रेस्ट वाढवायची गोळी का नाही काढत, असं भावाने विचारलंच. पण मेडुलोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मेंदूच्या कॅन्सरमध्ये बरेचदा हेच रेस्ट प्रमाणाबाहेर असतं, आणि हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात ते न्यूक्लियसमध्ये गर्दी करून न्यूरॉन्सना जगवणारं बीडीएनएफ नावाचं प्रोटीन कमी करतं. आजीसारख्यांसाठी औषध करायचं तर रेस्ट नेमक्या त्याच पेशींत आणि तेवढंच वाढवावं लागेल.