बुरशी आणि माणसाचं आरोग्य

बुरशी ना झाडांत मोडते ना प्राण्यांत, तिचा गटच वेगळा. तिचे बीजाणू, म्हणजे ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, हवेत सगळीकडे असतात, आत्ता हे वाचतानाही तुमच्या नाकातून थोडे आत जातायत, पण तब्येत धडधाकट असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही कारण प्रतिकारशक्ती त्यांना संपवते आणि शरीराचं 37 अंश तापमान बऱ्याच बुरशींना सोसतच नाही.

बऱ्याच लोकांना होतो तो ॲलर्जीचा त्रास. ओल धरलेल्या घरात शिंका, चोंदलेलं नाक, खोकला, आणि दमा असेल तर अटॅक. मेलेले बीजाणूसुद्धा ॲलर्जी देतात, त्यामुळे भिंतीवर ब्लीच मारून वरून रंग दिला की काम झालं असं नाही, पाणी मुरतंय कुठून ते शोधून बंद करावं लागतं, आणि भिजलेल्या वस्तू 24 ते 48 तासांत वाळवाव्यात. भिंतीवरची बुरशी काळी दिसली की लोक जास्तच घाबरतात, पण रंगावरून धोका कळत नाही.

कोविडच्या काळात, 2021 मध्ये भारतात गाजलेला ‘ब्लॅक फंगस’ म्हणजे म्युकरमायकोसिस, त्याचा या भिंतीवरच्या काळ्या डागांशी संबंध नाही. तो मुख्यतः शुगर कंट्रोलमध्ये नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटना झाला. केमोथेरपी किंवा ट्रान्सप्लांट झालेल्यांना ॲस्परजिलस नावाची बुरशी फुफ्फुसात गाठते. बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती, म्हणून तिला मारेल आणि आपल्याला इजा करणार नाही असं औषध बनवणं अवघड, अशी औषधं मोजकीच आहेत आणि त्यांनाही बुरशी दाद देईनाशी झालीये. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 धोकादायक बुरशींची यादी काढली ती यामुळेच.

गजकर्ण, चिखल्या हे साधे प्रकार. फक्त त्यावर मनानेच स्टेरॉइडवालं क्रीम लावू नये, खाज थांबते पण बुरशी पसरत जाते.

खाण्यातल्या बुरशीचं विष हा वेगळाच विषय. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, कारण निघालं खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. ते लिव्हरचा कॅन्सर करतं, हिपॅटायटिस बी असेल तर धोका कितीतरी वाढतो. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने ते पूर्ण जात नाही. ब्रेडला बुरशी आली तर हिरवा भाग काढून उरलेला खाऊ नये, बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात, नुसते डोळ्यांना दिसत नाहीत.