बारावीचे विषय आणि ‘सर्वांत कठीण’चा रकाना

अमेरिकेतल्या हायस्कुलांत जानेवारी-फेब्रुवारी उजाडला की अकरावीतल्या मुलांच्या हातात पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म येतो. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांत मग काही दिवस जेवताना दुसरं बोलणं नसतं. कॅल्क्युलस एबी घ्यायचं की त्याहून कठीण बीसी? फिजिक्स सी झेपेल का? तीन वर्षं मनापासून केलेला ऑर्केस्ट्रा सोडून आणखी एक एपी विषय, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय, घ्यावा का? ज्या आईवडिलांनी स्वतः बोर्डाच्या गुणांवर प्रवेश मिळवला, त्यांना सुरुवातीला यातला पेच कळतच नाही. आपल्याकडे शाखा ठरली की विषय जवळपास ठरलेले, पेपर सगळ्यांना एकच, आणि गुण आले की निकाल लागला. इथे मुलानं काय निवडलं हेसुद्धा गुणांइतक्याच बारकाईनं तपासलं जातं, आणि ती निवड किती कठीण हे सांगायला शाळेच्या अहवालात एक रकानाच असतो.

ही तपासणी काही पूर्वापार चालत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत प्रत्येक कॉलेज आपापली प्रवेशपरीक्षा घेई, कुठे लॅटिन-ग्रीकवर भर, कुठे गणितावर, आणि शाळांनी कोणाच्या परीक्षेची तयारी करून घ्यायची हा घोळ असे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली १८९२ मध्ये दहा जणांची एक समिती नेमली गेली, तिनं हायस्कूलनं काय शिकवावं याचा आराखडा मांडला. १९०० मध्ये सामायिक प्रवेशपरीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी त्याच्या पहिल्या सामायिक परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशननं ‘युनिट’ ठरवलं: एका विषयाचे वर्षाला साधारण १२० तास. इतकी युनिटं पुरी केली की कॉलेजचं दार उघडं. त्यात विषय हलका की भारी, हा प्रश्नच नव्हता. तास भरले की झालं.

विषयाच्या वजनाचा प्रश्न आला तो १९५० नंतर, आणि तोही बरोबर या शेवटच्या वर्षावरून. अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन नामवंत खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठं यांच्या शिक्षकांनी मिळून एक अभ्यास केला. त्यांना दिसलं, की हुशार मूल शाळेच्या शेवटच्या वर्षी जे शिकतं तेच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा गिरवतं आणि कंटाळून जातं. त्याच सुमारास केनयन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकारानं बारा कॉलेजं एकत्र आली. शाळेतच कॉलेजच्या तोडीचा अभ्यास करून घ्यावा आणि परीक्षा चांगली गेली तर मुलाला पुढच्या वर्गात बसवावं, असा त्यांचा विचार होता. दोन्ही कामांना फोर्ड फाउंडेशनच्या एका निधीचा आधार होता. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डानं ही योजना हाती घेतली. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपी ती हीच. १९५६ च्या पहिल्या परीक्षेला १०४ शाळांतले १,२२९ विद्यार्थी बसले.

या नावात ‘प्रवेश’ हा शब्द कुठेही नाही, तिकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. प्लेसमेंट म्हणजे प्रवेश मिळाल्यावर कोणत्या वर्गात बसायचं ते. वाया जाणारं वर्ष वाचवणं, एवढाच एपीचा मूळ उद्देश.

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह अवकाशात गेला आणि गणित-विज्ञानात आपण मागे पडलो या धास्तीनं कठीण अभ्यासाला देशकार्याचं मोल आलं. तरी पंचवीस वर्षं एपी ही मुख्यतः सुस्थितीतल्या शाळांचीच चीज राहिली. १९८२ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कलांते या बोलिव्हियातून आलेल्या शिक्षकाची अठरा मुलं एपी कॅल्क्युलस उत्तीर्ण झाली. बहुतेक सगळी कष्टकरी मेक्सिकन वस्तीतली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं त्यातल्या चौदा जणांवर कॉपीचा संशय घेतला. बारा जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. कठीण विषय कोणाच्या वाट्याला यावा, या प्रश्नाला त्या बारा मुलांनी दिलेल्या उत्तराइतकं स्वच्छ उत्तर मला दुसरं माहीत नाही. १९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ या सरकारी अहवालानं चार वर्षं इंग्रजी आणि तीन-तीन वर्षं गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळ्यांनाच हवीत असा आग्रह धरला, आणि एपीचे वर्ग सार्वजनिक शाळांत झपाट्यानं वाढू लागले.

पण सगळीकडे सारखे नव्हे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडच्या विद्यार्थ्यांच्या वतीनं राज्यावर खटला भरला गेला. श्रीमंत वस्तीतल्या शाळांत एपी विषयांची रांग, आमच्याकडे मोजून थोडे, मग स्पर्धा बरोबरीची कशी, ही त्यांची तक्रार होती. खटला उभा राहिला याचा अर्थच असा, की तोवर एपी विषय ही प्रवेशाच्या बाजारातली पत झाली होती. त्याच वर्षी शिक्षण खात्याचे संशोधक क्लिफर्ड ॲडेलमन यांनी दाखवलं, की मूल पुढे पदवी पुरी करतं की नाही याचा सर्वांत भरवशाचा अंदाज शाळेतला अभ्यासक्रम किती कसदार होता त्यावरून येतो. निष्कर्ष पदवी पुरी होण्याबद्दलचा होता. घरोघरी मात्र त्याचा अर्थ ‘जितके जड विषय तितकं चांगलं’ असा घेतला गेला. २००४ मध्ये बर्कलीच्या गाइझर आणि सँटेलिसेस यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा निराळंच दिसलं. नुसते एपी किंवा ऑनर्सचे (नेहमीच्या वर्गापेक्षा वरच्या पातळीचे) वर्ग किती घेतले यावरून कॉलेजातल्या यशाचा अंदाज येत नव्हता, एपी परीक्षेत मिळालेल्या गुणांवरून येत होता. म्हणजे संख्या नव्हे, विषय अंगी किती मुरला ते. या अभ्यासाची चर्चा आपल्या लोकांत फारशी झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

एकीकडे ही चढाओढ, तर दुसरीकडे नेमकी उलटी तक्रार. प्रवेशाचं पत्र हाती पडलं की मुलं अभ्यास सोडून देतात, या सवयीला ‘सीनियरायटिस’ हे रोगासारखं नाव पडलं. २००० मध्ये शिक्षणमंत्री रिचर्ड रायली यांनी फक्त या एका वर्षासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. २००१ मधल्या त्याच्या पहिल्या अहवालाच्या नावातच बारावी ही ‘हुकलेली संधी’ होती. आजही कॉलेजं जानेवारी-फेब्रुवारीत सहामाही गुण मागवतात, उन्हाळ्यात अंतिम गुण मागवतात, आणि फारच घसरण दिसली तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात.

आता तो रकाना. कॉमन ॲप हा सामायिक अर्ज १९७५ मध्ये पंधरा कॉलेजांपासून सुरू झाला. त्याच्यासोबत शाळेच्या काउन्सेलरला एक अहवाल भरावा लागतो. या मुलाची विषयनिवड तुमच्याच शाळेतल्या इतरांच्या तुलनेत किती कठीण आहे, असा त्यात प्रश्न असतो, आणि सर्वांत वरचं उत्तर ‘सर्वांत कठीण’. हेतू चांगलाच आहे: ज्या शाळेत तीनच एपी विषय आहेत तिथल्या मुलाला पंचवीस विषयांच्या शाळेशी तोलू नये. पण त्या पंचवीस विषयांच्या शाळेत काय होतं? शेजारच्या मुलीनं सात घेतले की सहा घेणाऱ्याला आपण उणे पडलो असं वाटतं. त्यातून अर्ली डिसिजनचे, म्हणजे एकाच कॉलेजला बांधील राहून लवकर केलेले, अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जातात. तेव्हा बारावीचे गुण जवळजवळ आलेलेच नसतात, दिसते ती फक्त विषयांची यादी. हार्वर्डसारख्या ठिकाणी १९९० च्या सुमारास शंभरांतल्या पंधराहून अधिक अर्जदारांना प्रवेश मिळे, आता साधारण चारांनाच मिळतो. अशा वेळी यादीतला एकेक विषय सोन्याच्या भावाचा वाटतो.

२०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शाळा-जिल्ह्यानं मुलांवरचा ताण पाहून हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, तेव्हा पालकांत उघड फूट पडली. भारतीय आणि चिनी घरांतल्या अनेकांना वाटलं, आपली मुलं ज्या एका गोष्टीवर पुढे जातात तीच काढून घेतली जाते आहे. प्लेन्सबरोत मराठी घरं पुष्कळ. त्या पालकांना मी दोष देणार नाही. ज्याच्याकडे ओळख नाही, ज्याचे आजोबा त्या कॉलेजात शिकलेले नाहीत, त्याच्या मुलाला अभ्यासाशिवाय दाखवायला काय असतं? पण पहाटे दोनपर्यंत जागणारं मूलही त्याच घरातलं, आणि त्याची झोप कुठल्याच रकान्यात मोजली जात नाही.

दरम्यान एपीचा मूळ उद्देश निवडक कॉलेजांनीच हळूहळू सोडला. डार्टमथनं २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून एपीसाठी क्रेडिट, म्हणजे पदवीच्या अभ्यासात धरलं जाणारं श्रेय, देणं थांबवलं. २०१८ मध्येच वॉशिंग्टन परिसरातल्या सिडवेल फ्रेंड्ससह आठ खासगी शाळांनी एपी वर्ग बंद करून स्वतःचे प्रगत अभ्यासक्रम आखायचं ठरवलं. नाव मोठं असलेल्या शाळांना हे परवडतं, कारण त्यांचा शब्द कॉलेजांत चालतो. साध्या सार्वजनिक शाळेला एपीचाच शिक्का लागतो.

कोरोनाच्या काळात एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा ऐच्छिक झाली आणि सगळा भार ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेतले विषय आणि गुण यांच्या तक्त्यावर, आला. २०२२ मध्ये एमआयटीनं आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्डनं परीक्षा पुन्हा सक्तीची केली, तरी विषयांच्या यादीचं वजन उतरलेलं नाही. वेगळं पाऊल टाकलं ते कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठानं. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री शाळेत केलेलंच हवं, ही त्याची जुनी अट. २०२३ मध्ये त्यानं ती सैल केली: शाळेत हे विषय शिकवतच नसतील, तर मुलानं खान अकॅडमी या मोफत ऑनलाइन शाळेवर ते शिकून तिथल्या परीक्षेत प्रावीण्य दाखवलं तरी चालेल. म्हणजे ज्याच्या शाळेच्या फॉर्मवर तो विषयच छापलेला नाही, असं मूलही आता तिथे अर्ज करू शकतं.